पाळकसाहेबांचा मंडप आणि बाईंची पेटी

पाळकसाहेब आमच्या दुकानात आले की आधी कोपर टेकवायचे. गल्ल्यावर नाही, बांबूवर. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा उजवा हात बांबूवर आडवा ठेवायचा, डाव्या बोटानं खूण धरायची, हात पुढं सरकवायचा, असं करत ते शेंड्यापर्यंत जायचे आणि समाधानानं मान हलवायचे. टेप आमच्याकडं होता, चांगला पिवळा, गुंडाळणारा. तो पुढं केला की म्हणायचे, "ही माणसाची पट्टी. माझी देवानं दिलेली हाय, अंगालाच लावून." बरं, बांबू न्यायचा असता तर गोष्ट वेगळी. बहुतेक वेळा ते नुसतेच मोजून जायचे.

आमचं सेलूत मंडपाचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. लग्न असो, सप्ताह असो की पुढाऱ्याची सभा, गावाच्या डोक्यावरची सावली आमची. रुळापलीकडच्या छोट्या चर्चला नाताळचा मंडप आम्हीच द्यायचो, म्हणून पाळकसाहेबांची ओळख. पाळक म्हणजे चर्चची मंडळी सांभाळणारे, उपासना घेणारे, पोराबाळांचे बाप्तिस्मे आणि म्हाताऱ्यांची दफनं करणारे. गावात कुणी त्यांना फादर म्हणायचं, कुणी पाद्रीबाबा. ते कशालाही ओ द्यायचे. भेटल्यावर हात उंचावून "सलाम" म्हणायची त्यांची रीत. त्यावरून आमच्या शेजारचा किराणावाला त्यांना कैक वर्षं ईद मुबारक करत होता आणि साहेब ती गळाभेट मनापासून घेत होते.

त्यांचं एकच वेड होतं. तेही आमच्याच धंद्यातलं, मंडपाचं. फार जुन्या काळी इस्राएल लोक मिसर देशाच्या गुलामीतून सुटून रानोमाळ फिरत होते, तेव्हा देवानं त्यांच्या पुढाऱ्याला, मोशेला, सांगितलं की माझ्यासाठी एक तंबू करा, मी तुमच्यामधे राहीन. नुसतं सांगून थांबला नाही. खांब किती, पडदे कोणत्या रंगाचे, कड्या कशाच्या, सगळं हाताच्या मापानं सांगितलं. पाळकसाहेबांचं म्हणणं असं, की त्या मंडपातली एकूण एक वस्तू पुढं येणाऱ्या येशूची खूण होती. आमच्या दुकानात चहा पिता पिता हे ऐकून आमचे मुकादम चाचा थक्क झाले होते. चाचांची हयात मंडप बांधण्यात गेलेली. ते म्हणाले, "साब, इतकं बारीक तर आपल्याला नवरीचा बापबी सांगत न्हाई."

चर्चमधे त्यांनी या मंडपाचा एक नमुना करून ठेवला होता. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, आगपेट्या, बाईंच्या जुन्या साडीचे तुकडे. रविवारच्या शाळेतल्या पोरांना ते तो दाखवायचे, आणि पोरं नसली तर जो सापडेल त्याला. गॅसची टाकी आणून देणारा एकदा त्यांच्या तावडीत सापडला, तर बिचाऱ्याच्या पुढच्या सगळ्या टाक्या उशिरा पोचल्या. "दरवाजा एकच, तोबी उगवतीला," इथून सुरुवात. "कामून एकच? कारण वाट एकच." मग अंगणातली होमवेदी, तिथं बळी द्यायचा, तो म्हणजे वधस्तंभ. मग पाण्याचं गंगाळ, तिथं हातपाय धुवायचे; तो म्हणजे बाप्तिस्मा. आतल्या खोलीत दीपवृक्ष, तो जगाचा उजेड. मेजावर बारा भाकरी, ती जीवनाची भाकर. आणि सगळ्यात आत, जाड पडद्यामागं, परमपवित्रस्थान. तिथं सोन्यानं मढवलेली एक पेटी. तिला ते कराराचा कोश म्हणायचे, आणि तिच्या झाकणाला दयासन. त्या खोलीत वर्षातून एकदाच आणि एकाच माणसानं जायचं, मुख्य याजकानं. बाकी सगळ्यांनी बाहेर.

खूण शोधायची ही सवय मग मंडपापुरती राहिली नाही. आम्ही नाताळचा मांडव घालत होतो आणि साहेब मेखांजवळ उकिडवे बसले होते. "मेख अर्धी मातीत अन् अर्धी वर. कळलं का तुला? मेला, पुरला, पुन्हा उठला." मी म्हणालो, "साहेब, आमच्या बापजाद्यांपासून आम्ही मेखा अशाच ठोकतो. सगळी आत घातली तर दोर कशाला बांधायचा?" ते टाळी वाजवून म्हणाले, "तेच तर सांगायलोय! दोर बांधायलाच तर उठला तो." अशा माणसाशी वाद घालून जिंकणार कसं? त्या दिवसापासून आमचा मुंजा, म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात उंच गडी, मेख ठोकताना दर वेळी दोन बोटं जास्तच वर ठेवायचा. उगाच चूक नको म्हणून.

एकदा मी त्यांना कामानिमित्त जिंतूरकडं घेऊन गेलो, तर परतताना म्हणाले चारठाण्याला थांबू. तिथली जुनी देवळं त्यांना फार आवडायची. मला वाटलं कोरीव काम बघतील. ते सरळ एका खांबाला कोपर लावून मोजायला बसले. बाजूनं जाणाऱ्या एका आजीबाईंना वाटलं कुणी भाविक खांबाला मिठी मारून रडायलाय. त्यांनी पदरानं वारा घातला आणि "होईल बाबा समदं नीट" म्हणाल्या. साहेबांनी मापाचा आकडा विसरू नये म्हणून ओठ हलवत ठेवले होते, ते बघून आजींची खात्रीच पटली की मंत्र चाललाय.

गाडीत बसल्यावर ते मागं वळून देवळांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या आज्याच्या गावातबी देऊळ होतं. आमच्या लोकांनी बाहेरून हात जोडायचे. पायरीच्या अलीकडून. आजा मरेपर्यंत मला विचारायचा, आत कसं असंल रे? मला काय ठाऊक? मीबी त्याच्याच बाजूला उभा." थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणून मला तो पडदा आवडतो. येशूनं प्राण सोडला तेव्हा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. वरपासून, हां. खालून फाटला असता तर माणसानं फाडला म्हणले असते. आता कुणीबी आत जावं." आणि मग खरी गोष्ट बोलले. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. त्याआधी एकदा, फक्त एकदा, तो मंडप खराखुरा उभा करायचा, पडदा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फाडायचा आणि सेलूच्या माणसांनी पायांनी चालत आत गेलेलं बघायचं. "पुठ्ठ्याच्या खोक्यात कुणाला नेऊ? बोटसुद्धा मावत न्हाई."

मी हो म्हणालो. गुड फ्रायडेच्या आठवड्यात लग्नाच्या तिथी नव्हत्या, कापड दुकानात पडूनच होतं. माझी कटकट सुरू झाली ती त्यानंतर. कारण शास्त्रात लाकूड बाभळीचं सांगितलं होतं, आणि साहेबांना बांबू चालेना.

"सागवान न्हाई, शिसम न्हाई, बाभूळ!" ते अभिमानानं सांगायचे, जणू बाभूळ त्यांच्या माहेरची. "बाभूळ म्हंजे माणूसपण अन् वरून चढवलेलं सोनं म्हंजे देवपण. दोन्ही एकात." चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दहा हाताची सरळ फळी, बाभळीची? साब, तुमच्या देवानं बाभूळ पायलीच न्हाई मग." आपल्याकडं बाभूळ कमी नाही, पण औताला, कुऱ्हाडीच्या दांड्याला, फार तर जळणाला. सरळ वाढायचं तिच्या रक्तातच नाही. यावर साहेब जागचे उठले. मग चाचांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चाचा, वाकडंच लाकूड निवडलं त्यानं. म्हणून तर तुमाला मला आशा हाय." चाचा हसले, पण खांब बांबूचेच लावले.

आता सबंध मंडपात खरी बाभळीची वस्तू एकच होती, आणि ती होती पाळकसाहेबांच्या बायकोची पेटी.

त्यांना सगळे बाई म्हणायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, अंगानं भारी, गुडघ्यांनी बेजार आणि बोलायला कुणाच्या बापाला न भिणाऱ्या. साहेबांच्या मंडपाला त्या "यांचा सर्कशीचा तंबू" म्हणायच्या. ती पेटी त्यांच्या वडिलांनी लग्नात दिलेली, गावच्या सुताराकडून करून घेतलेली, दणकट, काळपट. साहेब एक दिवस सोनेरी कागद आणि खळ घेऊन तिच्यासमोर बसले तेव्हा मी तिथं होतो. बाई आतून ओरडल्या, "माझी पेटी कामून चिकट करायलाव?" साहेब म्हणाले, "कराराचा कोश हाय तो." "माझ्या गोधड्या हायत त्यात. त्या कुटं ठेवू, होमवेदीवर?" शेवटी गोधड्या माझ्या दुकानात आल्या आणि पेटी सोन्याची झाली. वर बारा भाकरीही बाईंनाच थापायच्या होत्या. मोशेचे लोक ज्वारी खात होते का, असा एक प्रश्न त्यांनी टाकला होता, त्याचं उत्तर साहेबांना शेवटपर्यंत देता आलं नाही.

चर्चच्या अंगणात मंडप उभा करताना आमची फजिती झाली ती झालीच. साहेब म्हणाले होते, टेप बिलकुल नको, हातानं मोजा. आमच्या गड्यांनी तंतोतंत ऐकलं. प्रत्येकानं आपापल्या हातानं मोजलं. मुंजाची बाजू त्याच्या हाताची, चाचांची बाजू चाचांच्या. संध्याकाळी लांब जाऊन बघितलं तर परमपवित्रस्थान एका अंगाला असं पसरलेलं, की गाय बसल्यासारखं दिसत होतं. साहेबांनी डोक्याला हात लावला. चाचांनी एक बांबू घेतला, साहेबांचा हात त्याच्यावर ठेवला, कोपराला आणि बोटाला खूण करून तेवढा तुकडा कापला आणि गड्यांच्या हातात दिला. "आता सगळ्यांचा हात एकच. साबचा." सगळं खोलून पुन्हा बांधलं.

पण उभा राहिल्यावर तो मंडप चांगला दिसला, हे मला धंदेवाला म्हणूनही कबूल करावं लागेल. आमच्या लग्नाच्या मंडपाची सगळी शोभा कमानीत. आत गेलं की पंख्याखाली जागा शोधायची. इथं उलटं. बाहेरून काळी घोंगडी आणि जुनी ताडपत्री, बघणाऱ्यानं नाक मुरडावं अशी. आत शिरलं की निळं, जांभळं, किरमिजी कापड, समईचा उजेड आणि चाचांनी घरून आणलेल्या उदाचा वास. "त्याच्यात बाहेरून बघण्यासारखं काही नव्हतं," साहेब हळू आवाजात म्हणाले. ते येशूबद्दल बोलत होते, पण त्यांच्या उसवलेल्या कॉलरकडं बघून मला दुसरंच काहीतरी वाटलं. मला त्या घडीला ते फार आवडले.

शुक्रवारी दुपारी ऊन मी म्हणत होतं. चर्चची मंडळी तर होतीच, पण गावातलेही बरेच लोक आले होते. किराणावाला आला, शाळेतले मास्तर आले, मुंजाची आई आली. पाथरीला साईबाबांच्या दर्शनाला निघालेली एक जीप रस्ता चुकून आली होती, त्यातले लोकही उतरून उभे राहिले. साहेबांनी सगळ्यांना वेदीपासून भाकरीच्या मेजापर्यंत फिरवलं, एकेक खूण उलगडून सांगितली. मग आतल्या पडद्यासमोर उभे राहिले. चाचांच्या शिंप्यानं तो मधोमध कच्च्या टाक्यावर शिवला होता. वरून दोरी ओढली की उसवणार. साहेबांचा आवाज चढला, मुंजानं वरून दोरी ओढली आणि पडदा चर्रकन वरपासून खालपर्यंत फाटला. बायकांच्या तोंडून "अगं बाई" निघालं. आत समईच्या उजेडात सोनेरी पेटी चमकत होती.

"पडदा गेला," साहेब म्हणाले. "आता कुणाला मनाई न्हाई. चला आत."

कुणी हललं नाही. लोकांनी चपला तर आधीच बाहेर काढल्या होत्या. आता त्यांनी हात जोडले. मुंजाच्या आईनं पडद्याच्या अलीकडं डोकं टेकवलं, उठली आणि मागं सरकून दुसरीला जागा करून दिली. मग तिच्यामागून सगळ्यांची रांगच लागली. येणारा यायचा, फाटलेल्या पडद्यापाशी थांबायचा, आत बघून नमस्कार करायचा आणि बाजूनं बाहेर पडायचा. किराणावाल्यानं दोन्ही कान धरले. गाभाऱ्यात शिरायचं नसतं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, ते आपल्या पायांनाच माहीत असतं. चर्चची मंडळीसुद्धा तशीच; त्यांचे वडीलधारी छातीवर हात ठेवून खाली मान घालून उभे.

साहेब एकेकाला म्हणत होते, "आत जा की. अहो, आत. पडदा फाटलाय." माणसं हसून मान हलवायची आणि आणखी एक पाऊल मागं घ्यायची. "इथूनच झालं साहेब, लय छान झालं," असंही कुणी म्हणालं. मी पडद्याचा खांब धरून उभा होतो, कारण मुंजाच्या ओढीनं तो कलला होता. तिथून मला साहेबांचा चेहरा दिसत होता. आयुष्यभर जी गोष्ट सांगितली ती सगळ्यांनी ऐकली होती, तिच्या पाया पडले होते आणि पायरीच्या अलीकडंच राहिले होते. साहेब नुसतेच हात खाली सोडून उभे राहिले, आणि मला त्यांचा आजा आठवला.

तेवढ्यात मागून बाई आल्या. सकाळपासून भाकरी थापून, उन्हात उभं राहून त्यांचे गुडघे पार कामातून गेले होते. "सरका, सरका," करत त्या पुढं आल्या, एका हातानं फाटका पडदा बाजूला केला, आत गेल्या आणि हुश्श करून सरळ त्या सोनेरी पेटीवर बसल्या.

मंडळीतले एक म्हातारे, ज्यांना शास्त्र पाठ होतं, ते पुटपुटले, "अरे, कोशाला हात लावला म्हणून एक माणूस जागीच मेला होता." कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "बाई, उठा, उठा."

"कामून उठू?" बाई म्हणाल्या. "माझीच पेटी हाय. माझ्या बापानं दिल्याली. अन् हितं सावली हाय. पाणी आणा कुणीतरी."

मला वाटलं साहेब चिडतील. ते फाटलेल्या पडद्यातून बायकोकडं बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला कळेना ते हसताहेत की रडताहेत, दोन्ही होतं. "दयासन हाय ते," ते म्हणाले. "बसायला न्हाई तर कशाला?" आणि गंगाळातलं नाही, आमच्या जारचं पाणी स्वतः ग्लासात घेऊन ते आत गेले.

मग काय, मुंजाची आई आत गेली, बाईंच्या शेजारी जमिनीवर टेकली. तिच्यामागून बायका, लेकरं. पाथरीच्या जीपवाल्यांनी आत बसून बारा भाकरींचा फडशा पाडला. किराणावाला तर कोपऱ्यात आडवाच झाला. त्या दहा हात खोलीत चाचांसकट सगळे मावले. उरलो मी एकटा, कारण मी खांब सोडला असता तर सगळं परमपवित्रस्थान सगळ्यांच्या डोक्यावर आलं असतं. आतून साहेब ओरडले, "मंडपवाला बाहेर अन् सगळं गाव आत! ही कसली खूण रे?"

ही चेष्टा त्यांनी पुढं कधी सोडली नाही. निवृत्त होऊन ते परभणीला दोन खोल्यांच्या घरात राहायला गेले. मोबाइलवर फोन करायचे, "सलाम" म्हणायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला, "काय मग, अजून बाहेरच का?" मी म्हणायचो, "खांब धरलाय साहेब." ते म्हणायचे, "सोड की. त्याला धरणारा दुसरा हाय." घरी ये म्हणायचे. लग्नसराई संपली की येतो, असं मी दर वेळी सांगायचो. आमची लग्नसराई कधी संपते?

मी गेलो ते साहेब गेल्यावर. साधा ताप आला आणि तो उतरलाच नाही. दफन होऊन गेलं होतं. घरात माणसं बसली होती, खुर्च्या भरलेल्या, पलंगावर बायका. मी चपला काढल्या आणि रीतीप्रमाणे दाराशी उभा राहिलो. समोरच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता. फोटोखाली ती पेटी. सोनेरी कागद बहुतेक निघून गेला होता, कोपऱ्यांना तेवढा चिकटून होता. वर गोधडी घडी करून ठेवलेली.

बाई पलंगावरून माझ्याकडं बघत होत्या. डोळे सुजलेले, पण आवाज तोच.

"उभा कामून हाईस? बस."

मी इकडं तिकडं बघितलं. जागा एकच होती. मला काही तिकडं पाऊल टाकवेना. "असू द्या बाई," मी म्हणालो, "इथूनच बरंय."

"आँ?" बाई म्हणाल्या, आणि इतक्या माणसांत, इतक्या दुःखात, त्यांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. "ते गेले तरी तू अजून बाहेरच का?"

मी आत गेलो. गोधडी बाजूला सारली आणि पेटीवर बसलो. मग मात्र मला रडू आवरलं नाही. बाईंनी कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं.